सुधीर फडके (बाबूजी) : जीवन आणि कारकीर्द

मराठी भावगीत, चित्रपटसंगीत आणि गीतरामायण या तिन्ही क्षेत्रांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते गायक व संगीतकार सुधीर फडके यांचा जन्म कोल्हापूर येथे २५ जुलै १९१९ रोजी झाला आणि २९ जुलै २००२ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. सारा महाराष्ट्र त्यांना 'बाबूजी' म्हणत असे. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम ४० किलोमीटर. त्यामुळे आम्ही सीमाभागातील मंडळी त्यांना परगावचे कधी मानत आलो नाही. आपल्या गणेशोत्सवात, रामनवमीला आणि लग्नघरात त्यांची गाणी वाजत आली आहेत. मात्र गाणी माहीत असली तरी त्यामागचा माणूस नव्या पिढीला फारसा ठाऊक नाही. सभासदांच्या घरातील मुलांना एका ठिकाणी माहिती मिळावी, या हेतूने हा लेख दिला आहे.

जन्म आणि बालपण

त्यांचे मूळ नाव रामचंद्र विनायक फडके. घरी त्यांना राम म्हणत. 'सुधीर' हे नाव पुढे गायनाच्या क्षेत्रात आल्यावर त्यांनी घेतले आणि तेच कायमचे झाले. वडील विनायकराव वकील होते. लहानपणीच आईचे छत्र हरपले आणि घरची घडी विस्कटली.

त्या काळचे कोल्हापूर हे गाण्याचे आणि सिनेमाचे मोठे केंद्र होते. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेबांसारखे गवई तिथे राहिले होते. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथेच काढली. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीचा जन्मही कोल्हापुरातच झाला आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट तिथे तयार झाला. अशा गावात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर दोन प्रकारचे संगीत पडत होते. एक घराण्याचे, रागदारीचे आणि दुसरे सर्वांना गुणगुणता येईल असे. फडके यांनी शास्त्रोक्त गायनाचे शिक्षण वामनराव पाध्ये यांच्याकडे घेतले. पुढे त्यांनी जन्मभर दुसऱ्या प्रकारचे संगीत केले, पण त्याचा पाया पहिल्या प्रकाराचा होता. त्यांच्या कोणत्याही सोप्या वाटणाऱ्या चालीत रागाची बैठक सापडते ती यामुळे.

भावगीताचा काळ आणि बेळगावचे नाते

फडके ज्या वाटेने गेले ती वाट त्यांच्याआधी काही जणांनी पाडली होती. १९३० नंतर बोलपट आले आणि संगीत नाटकांची गर्दी ओसरू लागली. त्याच सुमारास ग्रामोफोनच्या तबकड्या घरोघर जाऊ लागल्या. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे एवढीच जागा. त्यात नाट्यपदाचा विस्तार मावत नसे, पण एक छोटी कविता छान बसे. ना. घ. देशपांडे यांची कविता गाऊन गो. ना. जोशी यांनी मराठी भावगीताला पहिली मोठी लोकप्रियता मिळवून दिली. सांगली-इचलकरंजीकडच्या ज. ल. रानडे यांच्या तबकड्याही आपल्या भागात घरोघर होत्या.

तबकडीतले हे गाणे रस्त्यावरच्या हजारो लोकांसमोर आणले ते गजाननराव वाटवे यांनी. ते आपल्या बेळगावचे. जन्म ८ जून १९१७, निधन २ एप्रिल २००९. पेटी पुढे घेऊन स्वतः चाल लावलेली भावगीते गाण्याचे जाहीर कार्यक्रम त्यांनी गणेशोत्सवातून रुजवले. अनिल भारती, मनमोहन नातू अशा कवींची गीते त्यांच्यामुळे लोकांच्या ओठांवर आली. वाटवे बेळगावचे आणि फडके कोल्हापूरचे. वयात दोनच वर्षांचे अंतर. मराठी भावगीताच्या दोन मोठ्या नावांची जन्मगावे आपल्या या पट्ट्यातली आहेत, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

उमेदवारीची वर्षे

कोल्हापूर सोडून फडके मुंबईस गेले तेव्हा हाताशी काहीच नव्हते. राहण्याची सोय नाही, जेवणाची खात्री नाही आणि गाण्याला मागणी नाही. मिळेल ते काम करून त्यांनी दिवस काढले. पुढे गाण्याचे कार्यक्रम करीत ते उत्तर हिंदुस्थानात हिंडले आणि थेट कलकत्त्यापर्यंत पोचले. कुठे मराठी मंडळींनी आसरा दिला, कुठे उपाशी झोपावे लागले. या साऱ्या दिवसांचे वर्णन त्यांनी 'जगाच्या पाठीवर' या आत्मचरित्रात केले आहे. ते पूर्ण होण्याआधीच त्यांचे निधन झाले, त्यामुळे पुस्तकात मुख्यतः ही धडपडीची वर्षेच आली आहेत. यशाचा भाग लिहायचा राहिला. तरीही, किंबहुना त्यामुळेच, नोकरीच्या शोधात घराबाहेर पडणाऱ्या तरुणांनी ते पुस्तक जरूर वाचावे असे आम्हास वाटते.

१९४१ साली ते एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीत गेले आणि १९४५ साली पुण्यास प्रभात फिल्म कंपनीत संगीतकार म्हणून दाखल झाले. 'गोकुळ' (१९४६) हा संगीतकार म्हणून त्यांचा पहिला चित्रपट. २९ मे १९४९ रोजी त्यांचा विवाह गायिका ललिता देऊळकर यांच्याशी झाला. ललिताबाई त्या काळी हिंदी चित्रपटांत पार्श्वगायिका म्हणून नाव मिळवून होत्या. 'नदिया के पार' (१९४८) या चित्रपटात त्यांनी मोहम्मद रफी यांच्याबरोबर गायिले होते आणि या लग्नात रफीसाहेबांनी मंगलाष्टके म्हटल्याची आठवण आजही सांगितली जाते. त्यांचे पुत्र श्रीधर फडके हेही नामवंत संगीतकार व गायक आहेत.

चित्रपटसंगीत आणि माडगूळकरांची साथ

फडके यांचे नाव घेतले की ग. दि. माडगूळकर यांचे नाव आपोआप येते. दोघांचा जन्म १९१९ सालचाच. फडके जुलैचे, माडगूळकर ऑक्टोबरचे. पु. ल. देशपांडेही त्याच वर्षीचे. हे तिघे 'वंदे मातरम्' (१९४८) या राम गबाले यांच्या चित्रपटात एकत्र आले. पु. ल. आणि सुनीताबाई पडद्यावर, गीते माडगूळकरांची आणि संगीत फडके यांचे.

त्यानंतर दिग्दर्शक राजा परांजपे, माडगूळकर आणि फडके या त्रयीने मराठी चित्रपटाला एक घरगुती, स्वच्छ चेहरा दिला. 'पुढचं पाऊल' (१९५०), 'लाखाची गोष्ट' (१९५२), 'ऊन पाऊस' (१९५४), 'जगाच्या पाठीवर' (१९६०), 'सुवासिनी' (१९६१) ही त्यांतली ठळक नावे. हिंदीत 'भाभी की चूडियाँ' (१९६१) मधील लता मंगेशकर यांनी गायिलेले पंडित नरेंद्र शर्मा यांचे पहाटगीत आजही आकाशवाणीवर लागते. ते गाणे मराठी माणसाने बांधले आहे हे अनेक हिंदी श्रोत्यांना ठाऊकही नसते. 'हा माझा मार्ग एकला' (१९६३) या चित्रपटाची निर्मितीही फडके यांनी केली. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि आजचे अभिनेते सचिन त्यात बालकलाकार म्हणून प्रथम चमकले.

या जोडीबद्दल एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. फडके राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे आणि सावरकरांचे निष्ठावंत. माडगूळकर काँग्रेसच्या विचाराचे आणि विधान परिषदेचे सदस्य. दोघांचे स्वभावही तापट. खटके उडत, अबोलाही धरला जाई. पण गाणे समोर आले की दोघे पुन्हा एका पेटीजवळ बसत. ही साथ माडगूळकरांच्या मृत्यूपर्यंत (१४ डिसेंबर १९७७) टिकली. मतभेद आणि काम यांचे खाते वेगळे ठेवता येते, हे आपल्यासारख्या संस्थांतून काम करणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

गीतरामायण

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड हे माडगूळकरांचे मित्र. रामकथा गीतांतून सांगावी आणि दर आठवड्यास एक नवे गीत प्रसारित करावे, अशी योजना ठरली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस पहिले गीत प्रसारित झाले आणि १९ एप्रिल १९५६ रोजी शेवटचे. वर्षाचे आठवडे ५२, मग गीते ५६ कशी, असे मुले विचारतात. उत्तर पंचांगात आहे. त्या वर्षी अधिक मास आला होता आणि मालिका रामनवमी ते रामनवमी चालवायची होती.

पहिल्या गीताची हकिकत प्रसिद्ध आहे. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडके यांच्याकडून हरवला. ध्वनिमुद्रणाची वेळ झालेली, कवी रागावलेले. अखेर लाडांनी माडगूळकरांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि थोड्या वेळात नवे गीत हाती आले, असे सांगतात. फडके यांनी ते भूप रागात बांधले. कुश-लव रामापुढे गातात त्या प्रसंगाला भूपाची सरळ, निरागस वाट शोभून दिसली.

सर्व ५६ गीतांच्या चाली फडके यांच्या. मूळ प्रसारणात त्यांच्याबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके अशा अनेकांनी गायिले. पुढे रंगमंचावर मात्र फडके एकटेच संपूर्ण गीतरामायण गात. कौसल्येचा आनंद, कैकेयीवरचा भरताचा संताप, सीतेचा विलाप हे सारे एकाच आवाजात उभे करायचे. ते नाट्य त्यांनी हातवारे न करता, बसल्या जागी, केवळ शब्दांवरच्या वजनाने केले.

त्या काळी रेडिओ घेण्यास डाकघरातून परवाना काढावा लागे आणि गावात मोजक्या घरीच तो असे. गीतरामायणाच्या वेळी अशा घरांच्या सोप्यावर शेजारीपाजारी जमत. कित्येक ठिकाणी रेडिओला हार घातला जाई. पुढे गीतरामायणाची हिंदी, तेलुगू आणि इतर भाषांत रूपांतरे झाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे ते कन्नडमध्येही गेले, आणि मूळ चालींतच गेले. बेळगावात १९५६ नंतर भाषेच्या प्रश्नावरून किती कटुता आली ते येथे सांगण्याची गरज नाही. त्या प्रश्नाचे जे व्हायचे ते होवो, पण मराठी चालीवर कन्नड रामकथा गायिली जाते ही गोष्टही आपल्याच इतिहासाचा भाग आहे.

गायकीचे वैशिष्ट्य

फडके यांच्या गाण्यात प्रथम जाणवतो तो शब्द. 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांतला फरक त्यांच्या गाण्यात कधी पुसला जात नाही. जोडाक्षर आले म्हणून ते घाई करीत नाहीत. ओळीत ज्या शब्दावर अर्थाचा भार असेल त्याच शब्दावर स्वर थांबतो. पाठांतर करणाऱ्या मुलांना त्यांची गाणी ऐकवली तर शुद्ध उच्चाराचा वेगळा तास घ्यावा लागत नाही, हा आम्हा पालकांचा अनुभव आहे.

दुसरे वैशिष्ट्य चालीचे. ध्रुवपद ऐकताच कोणालाही म्हणता येईल असे वाटते, आणि म्हणायला बसले की अंतऱ्यातल्या बारीक हरकती हाती लागत नाहीत. शांता शेळके यांच्या शब्दांचे 'तोच चंद्रमा नभात' हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यांनी दुसऱ्यांच्या चालीही तितक्याच मनापासून गायिल्या. सुधीर मोघे यांचे शब्द आणि राम फाटक यांची चाल असलेले 'सखी मंद झाल्या तारका' हे त्यांपैकी एक. वाद्यवृंद त्यांना बेताचा लागे. प्रभाकर जोग यांचे व्हायोलिन अनेक वर्षे त्यांच्या साथीला होते आणि शब्दही वाजवून दाखवणारे म्हणून ते 'गाणारे व्हायोलिन' या नावाने प्रसिद्ध झाले.

मुक्तिसंग्रामातील सहभाग

लोकप्रिय गायकाच्या चरित्रात सहसा न सापडणारे प्रकरण फडके यांच्या चरित्रात आहे. १९४७ नंतरही गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली हे प्रदेश पोर्तुगीजांकडे होते. दादरा-नगर हवेली मुक्त करण्याची योजना राजा वाकणकर आदी तरुणांनी आखली. त्यात फडके पहिल्यापासून होते. इतिहासकार बाबासाहेब पुरंदरेही त्यात होते. पैसा उभा करण्यासाठी लता मंगेशकर यांच्या गाण्याचा कार्यक्रम पुण्यात झाला, तोही फडके यांच्या शब्दाखातर. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. भर पावसात गेलेल्या त्या तुकडीत गीतरामायणाचा भावी संगीतकार होता. त्या वेळी त्यांचे वय ३५, चित्रपटात जम बसलेला, घरी संसार. जिवाचे काही बरेवाईट झाले असते तर आज आपल्याकडे गीतरामायणाच्या या चाली नसत्या.

गोव्याच्या लढ्याचे एक मोठे ठाणे आपले बेळगावच होते. नॅशनल काँग्रेस गोवाचे काम येथून चाले आणि स्वातंत्र्यवादी रेडिओचे प्रसारण काही काळ जवळच्या कॅसलरॉकच्या जंगलातून होई. या लढ्यातील सांगलीचे मोहन रानडे १९५५ साली पकडले गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी रानडे पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या कशियशच्या तुरुंगात राहिले. देश त्यांना जवळजवळ विसरला. फडके विसरले नाहीत. रानडे यांच्या सुटकेसाठी झालेल्या समितीचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले, दिल्लीच्या खेपा घातल्या, लोकांना पत्रे लिहिली. अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला. अखेर जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी, रानडे सुटले.

बँकेत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना फडके यांच्या या बाजूचे विशेष वाटते. लोकप्रियता ही त्यांनी लोकांनी विश्वासाने ठेवलेली ठेव मानली. ती स्वतःच्या खात्यावर न वापरता ज्या कामाला गरज असेल तिकडे वळती केली.

'वीर सावरकर' आणि अखेरची वर्षे

सावरकरांच्या जीवनावर चित्रपट काढायचा, आणि तो कोणा एका धनिकाच्या पैशावर नव्हे तर लोकांच्या वर्गणीतून, हा त्यांचा उत्तरायुष्यातील ध्यास होता. त्यासाठी सत्तरीनंतरही ते गावोगाव गायले. दिग्दर्शक बदलले, पैसे संपले, काम थांबले आणि पुन्हा सुरू झाले. दहा वर्षांहून अधिक खटपटीनंतर वेद राही यांनी दिग्दर्शित केलेला 'वीर सावरकर' नोव्हेंबर २००१ मध्ये प्रदर्शित झाला. सावरकरांच्या विचारांविषयी मते भिन्न असू शकतात, फडके यांच्या चाहत्यांतही ती होती. परंतु हजारो लहान देणग्यांच्या बळावर एवढे काम पुरे करून दाखवणे ही साधी गोष्ट नव्हे. चित्रपट पुरा झाल्यावर आठच महिन्यांत बाबूजी गेले.

१९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला होता. मुंबईत बोरिवली येथील उड्डाणपुलास त्यांचे नाव आहे. २०१९ साली फडके, माडगूळकर आणि पु. ल. यांची जन्मशताब्दी एकाच वर्षी साजरी झाली. १ मे २०२४ रोजी त्यांच्या जीवनावरील 'स्वरगंधर्व सुधीर फडके' हा योगेश देशपांडे दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात बाबूजींची भूमिका सुनील बर्वे यांनी केली आहे.

थोडक्यात कालपट

१९१९ – कोल्हापूर येथे जन्म
१९४१ – एचएमव्हीमध्ये प्रवेश
१९४५ – प्रभात फिल्म कंपनीत दाखल
१९४६ – 'गोकुळ'
१९४९ – ललिता देऊळकर यांच्याशी विवाह
१९५४ – दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामात सहभाग
१९५५-५६ – पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण
१९६० – 'जगाच्या पाठीवर'
१९६१ – 'भाभी की चूडियाँ'
१९६३ – 'हा माझा मार्ग एकला'ची निर्मिती
१९६९ – मोहन रानडे यांची सुटका
१९९१ – संगीत नाटक अकादमी पुरस्कार
२००१ – 'वीर सावरकर' प्रदर्शित
२००२ – मुंबई येथे निधन

सभासदांसाठी

आपल्या घरातील बरीच मुले आता कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. घरी मराठी बोलतात, पण वाचणे कमी झाले आहे. अशा मुलांच्या हाती एकदम जाड पुस्तक देण्यापेक्षा आठवड्यास गीतरामायणातील एक गीत ऐकवावे, अर्थ सांगावा आणि पुढच्या आठवड्यास दुसरे घ्यावे. आकाशवाणीने ठरवले होते तेच वेळापत्रक ठेवले तर रामनवमी ते रामनवमी वर्ष सहज पुरे होते. आजी-आजोबांनी अर्थ सांगण्याचे काम घेतले तर फारच उत्तम. गीते पाठ होतील, उच्चार सुधारतील आणि कथा तर कळेलच.